पडद्याबाहेरचा हात

‘अखेरची तटबंदी’ या सिनेमाच्या आजवर किती आवृत्त्या निघाल्या, हे माझ्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असेल तर त्यानं लोहाऱ्याला यावं. मी त्याला चहा पाजीन आणि मग दोन तास भांडीन. आधी कॅसेट निघाली, मग सीडी, मग डीव्हीडी. टीव्हीवर तर दर पंधरा ऑगस्टला त्याची चिरफाड करून दाखवतात. आणि आता यंदा तो पार नवा कोरा करून काढलाय, जाडजूड डब्यात, वर सोनेरी अक्षरं. या सगळ्यांत भिकार कोणती असं विचाराल, तर ती पहिली कॅसेट. आणि तीच कॅसेट मी धुरपदाअक्काला तीस वर्षं दाखवत आलो, ते मुद्दाम.

माझं नाव शिवानंद, पण गावात मला व्हिडिओअप्पा म्हणतात. बसस्टँडसमोर माझं कॅसेटचं दुकान होतं. लग्नाला, बारशाला, गणपतीला लोक माझ्याकडनं टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं न्यायचे. परत आणताना कॅसेट रिवाइंड करून आणायची एवढी साधी गोष्ट, पण एकाला जमेल तर शपथ. त्यावरनं मी सरपंचालासुद्धा झापलंय. आता त्या दुकानात वह्या, पेनं आणि झेरॉक्स आहे, ते माझा पुतण्या बघतो. कॅसेटी सगळ्या गेल्या, एक सोडून. एक व्हीसीआरही ठेवला होता, मागच्या खोलीत, धुतलेलं धोतर पांघरून.

‘तटबंदी’चं शूटिंग एक्याण्णव सालच्या थंडीत नळदुर्गच्या किल्ल्यात झालं. गोष्ट अशी, की किल्ल्याला वेढा पडलाय, धान्य संपलंय आणि राजा काही शरण जात नाही. मध्यंतरानंतर एक प्रसंग आहे. उपाशी रयत हातात रिकामी भांडी घेऊन कोठाराच्या दारापुढं उभी राहते. कुणी एक शब्द बोलत नाही. कॅमेरा नुसता एकेका चेहऱ्यावरनं सरकत जातो आणि शेवटी बायकांपाशी थांबतो. फार नावाजलेला प्रसंग आहे तो, त्यावर मोठमोठ्या लोकांनी लिहिलंय म्हणे. पण ती रयत म्हणजे कोण? आमच्या सास्तूरची, लोहाऱ्याची माणसं! दोन ट्रॅक्टर भरून नेली होती. टोपी घातलेला एक माणूस भोंग्यातनं दिवसभर ओरडत होता, “उपाशी दिसा! तीन दिवसांचे उपाशी दिसा!” आणि आमची मंडळी सकाळीच भाकरी-ठेचा रेटून गेलेली. कशी दिसणार उपाशी, सांगा.

उमरग्याच्या टॉकीजला लागला तेव्हा मी दोनदा बघून आलो. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पडदा. पुढच्या साली त्याची कॅसेट आली. आता सिनेमा होता रुंद आणि टीव्ही चौकोनी, मग कॅसेटवाल्यांनी काय करावं? दोन्ही बाजू कापल्या! सरळ कापल्या, नको असलेलं कापड कापावं तशा. डावीकडनं बाण सुटतो, पण लागतो कुणाला ते दिसतच नाही. राजा राणीची समजूत घालतो, तर राणीचं नुसतं नाक दिसतं. गिऱ्हाइकं मलाच विचारायची, अप्पा, बाकीची राणी कुठाय म्हणून.

मग त्र्याण्णवचा सप्टेंबर आला. आमच्या भागात त्याबद्दल कुणाला काही सांगावं लागत नाही, पण लांबचं कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी सांगतो. तीस तारखेला पहाटे भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले होते. सास्तूरची घरं दगडमातीची, हात हात रुंद भिंतींची. ती झोपलेल्या माणसांवर बसली.

वर्षानं, त्याच तारखेला सकाळी, एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. हातात फडक्याची गाठोडी होती.

“त्या किल्ल्याच्या शिनेमाची क्यासेट तुझ्याकडं हाय का?” तिनं विचारलं.

“हाय की अक्का. मशीन आहे का तुमच्याकडं?”

“घर न्हाय, मशीन कुठलं?” ती म्हणाली. “पत्र्याच्या शेडात ऱ्हातो आमी. त्या शिनेमात माझी लेक हाय. मला एक डाव बघू दे.”

ती धुरपदाबाई. तिची लेक द्वारका शूटिंगला गेली तेव्हा आठ वर्षांची होती, आणि भूकंपात गेली तेव्हा दहाची. शाळेत काढलेला एकच फोटो होता, तो भिंतीसंगं गेला. लेकीचं तोंड कसं होतं हे सांगायला सगळ्या जगात आता एवढी एकच फीत उरली होती. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, त्यांना स्टूल दिलं आणि कॅसेट लावली. मी त्या पोरीला कधी पाहिलेलं नव्हतं. आमचा गाव वेगळा, आळी वेगळी. पण म्हटलं, आईला दिसंल.

कोठाराचा प्रसंग आला. अक्का स्टूल सोडून टीव्हीपुढं जमिनीवर बसल्या, अगदी वीतभर अंतरावर. एक चेहरा गेला, दुसरा गेला, म्हातारे गेले, बायका आल्या.

“थांब! थांब थांब! ही बघ! ही बघ माझी लेक!”

मी पॉज दाबलं. अक्कांचं बोट काचेच्या उजव्या कडेवर टेकलं होतं. मी चष्मा पुसून वाकून बघितलं. तिथं एक बाई होती, अर्धी. कडेकडं कललेलं डोकं, त्यावर पदर, एक डोळा, नाकाची एक बाजू, काखेत रिकामी घागर. बाकीची कॅसेटवाल्यांनी कापलेली. चित्र थरथरत होतं, सगळं पुसट होतं, पण तीस वर्षांची बाई होती ती. आठ वर्षांची पोर नव्हेच नव्हे.

मी अक्कांकडं बघितलं. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी चाललं होतं आणि तोंडावर हसू होतं. वर्षभरात पहिल्यांदा हसल्या असतील. लेकीच्या ध्यासानं बाईला भलतंच दिसायला लागलंय, असं मला वाटलं. तापट माणूस मी, खोटं मला खपत नाही, पण त्या घटकेला जीभ रेटली नाही.

“व्हय अक्का,” मी म्हणालो. “हीच.”

त्यांनी गाठोडी सोडली. आत शेंगाची पोळी होती, दाण्याचा कूट आणि गूळ घालून केलेली. ती त्यांनी टीव्हीपुढं ठेवली, हात जोडले आणि थोडा वेळ बसून राहिल्या. जाताना पोळी उचलून बाहेरच्या गायीला घातली. मी म्हटलं, अक्का, तुकडाभर प्रसाद तुम्हीपण घ्या की. तर म्हणाल्या, “म्या न्हाय खात.”

तेव्हापासनं दर वर्षी हेच. तीस सप्टेंबर, सकाळची एसटी, शेंगाची पोळी. सास्तूर नव्यानं उठलं, अक्कांना घर मिळालं, त्यांचे मालक वारले, थोरला लेक शेती बघायला लागला, पण हा नेम चुकला नाही. पोळीचं कारण मला चौथ्या वर्षी कळलं. मिरवणुकीच्या दिवशी द्वारकीला गणपती बुडवायला तळ्यापर्यंत जायचं होतं. अक्कांनी जाऊ दिलं नाही, वर एक धपाटा दिला. पोर रुसली आणि न जेवता आत जाऊन झोपली. अक्का, मालक नि थोरला लेक अंगणात झोपले होते, म्हणून राहिले.

“उठीव म्हणले हुते हे. दोन घास घाल म्हणले. म्या म्हणलं, सकाळी खाईल भूक लागल्यावर, ऱ्हाऊ द्या.” हे सांगताना अक्का रडल्या नाहीत. “उपाशी गेली रं माझी लेक.”

त्या दिवशी मला दुकान बंद करून घरी जावं लागलं. सगळ्यांवर ओरडत सुटलो होतो.

तर, कॅसेट. कॅसेटचं असं असतं, की एकाच जागी सारखं थांबवलं तर मशीनचं हेड तेवढ्याच जागी फीत घासत राहतं. जिथं जास्त बघाल तिथंच ती झिजते. दर वर्षी त्या अर्ध्या बाईवर एकेक पांढरी रेघ वाढत गेली. डोळा गेला, नाक गेलं. दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं व्हायचं. जितकं पुसट तितकं माझं खोटं सुरक्षित. अक्कांचीही नजर मंद होत चालली होती. दोन्हीकडनं माझी सोय होत होती म्हणा ना.

पण मधून मधून हे नवे नवे प्रकार निघायचे आणि माझं खोटं उघडं पडायची वेळ यायची. दोन हजार एकला सीडी आली, दोन तबकड्यांची. मी आणली, एकट्यानं लावून बघितली. कॅसेटवरनंच उतरवलेली, चेहऱ्यांचे नुसते चौकोन. आणि कोठाराचा प्रसंग नेमका पहिली तबकडी संपून दुसरी सुरू होते तिथं तुटलेला! दिली ठेवून. मग दोन हजार आठला डीव्हीडी. वर झोकात छापलेलं, ‘रुंद पडदा’. मी देवापुढं हात जोडून लावली. बघतो तर काय, मूळची रुंदी कुठली यायला? कॅसेटच्या त्याच कापलेल्या चित्राचं वरनं नि खालनं आणखी कापून रुंद केलेलं! आता राणीचं नाकही गेलं आणि राजाचं डोकंही. मी त्या कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. आमच्या इथला न्हावी तुमच्यापेक्षा नीट कापतो, असं लिहिलं त्यात. उत्तर आलं नाही. पण राग राग करताना आतनं बरं वाटायचं, की अर्धी बाई अर्धीच राहिली.

अक्का दर वेळी विचारायच्या, “नवीन निघालंय म्हणं?” मी म्हणायचो, “फालतू आहे अक्का, आपली कॅसेटच बरी.” एवढा मोठा जाणकार, आणि सगळं ज्ञान त्यांना चांगलं बघू न देण्यात चाललं होतं.

यंदा सगळंच एकदम अंगावर आलं. उन्हाळ्यात अक्कांच्या लेकानं त्यांना सोलापूरला नेऊन दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून आणले. मला बाजारात भेटल्या तर लांबूनच म्हणाल्या, “शिवानंदा, दाढी किती पांढरी झाली रं तुझी!” श्रावणात मी व्हीसीआर तपासायला म्हणून कॅसेट लावली आणि त्यानं ती गिळली. उघडून बघतो तर फीत नेमकी त्या जागी तुटून रोलरला गुंडाळलेली. मी तिथंच बसून राहिलो. हळहळलो की सुटलो, माझं मलाच कळेना.

त्याच आठवड्यात माझ्या लेकीचा, शिवप्रियाचा, पुण्याहनं फोन. “अप्पा, तुमचा तटबंदी नवा करून आलाय! मोबाइलवर बघा.” बघितला. तीन तासांचा सिनेमा दोन तासांचा केलेला, परदेशात दाखवायला म्हणून कधीतरी छाटलेली प्रत ती. कोठाराचा प्रसंगच नाही! एवढा आनंद मला गाळलेल्या प्रसंगाचा कधी झाला नव्हता. म्हटलं, चला, अक्कांना सांगता येईल की कॅसेट मेली आणि नव्यात तो भागच नाही. माझी काही चूक नाही, सिनेमावाल्यांची चूक.

सप्टेंबरच्या अठ्ठावीस तारखेला शिवप्रिया दारात हजर. एका हातात प्लेअर, दुसऱ्या हातात तो सोनेरी डबा.

“मोबाइलवरची प्रत अर्धवट आहे अप्पा, मला माहीतच नव्हतं. ही पूर्ण. मूळ निगेटिव्हवरनं केलीय, एकेक चित्र धुऊन. दोन्ही कडा शाबूत!” डब्यात एक पुस्तिका होती, तिच्यात जुनं नि नवं चित्र शेजारी शेजारी छापलेलं. राणी सबंध दिसत होती. सुंदर होती हो, उगाच नाक बघत बसलो आपण इतकी वर्षं. मी आपला सवयीनं कुरकुरलो, की उमरग्याच्या टॉकीजला संध्याकाळ केशरी होती, ही निळी कशी केली या शहाण्यांनी.

“आणि मी अक्कांना फोनवर सांगितलं पण,” शिवप्रिया म्हणाली. “यंदा द्वारकाताई आरशात दिसावी तशी दिसेल.”

“कपाळ माझं!” मी ओरडलो. “कुणी सांगितलं होतं तुला?”

पोरगी बिचारी बघतच राहिली. तिला काय सांगणार? आजवरची प्रत्येक आवृत्ती मी आणल्या दिवशी बघितली, पण या डब्यावरचा कागद काढायला हात धजेना. दोन दिवस तो कपाटावर होता आणि मी त्याच्याखालनं जाताना वर बघत नव्हतो. अक्कांना आता नवे डोळे होते. त्यांना तीस वर्षांची परकी बाई लख्ख दिसणार, आणि इतकी वर्षं आपण कुणापुढं पोळी ठेवत आलो हे कळणार. एकदा लेक भूकंपानं नेली होती, दुसऱ्यांदा मी नेणार होतो.

तीस तारखेला सकाळी शिवप्रिया दुकानामागच्या खोलीत प्लेअर जोडून देऊन धाराशिवला मैत्रिणीकडं गेली. साडेनऊला अक्का आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या, तोंडावर पावडरसुद्धा लावली होती. लेकीला भेटायला निघाल्यासारख्या. ते बघून माझं उरलंसुरलं अवसान गेलं.

“अक्का,” मी म्हणालो, “आधी बसा. मला काहीतरी सांगायचंय.”

“लाव की आधी.”

“नाही. आधी ऐका. मग मला जोड्यानं मारा.” मी त्यांच्यापुढं जमिनीवरच बसलो. “कॅसेटमधी कडेला दिसायची ती द्वारकी नव्हती अक्का. ती अर्धी दिसणारी बाई... ती मोठी बाई आहे. तीस वर्षांची तरी. मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. तुम्ही हीच हीच म्हणालात, आणि मी होय म्हणालो. खोटं बोललो. दर वर्षी खोटं बोललो.”

अक्का माझ्याकडं टक लावून बघत होत्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर उठून जातील. पण त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“येडा हायस का रं तू?” त्या म्हणाल्या. “मला काय माझी लेक वळखू येत न्हाय व्हय? ती कल्याणप्पाची उमाबाई हाय! आमच्या भिंतीला भिंत हुती तिची.”



“मग... मग ‘ही बघ माझी लेक’ म्हणालात ते?”

“आरं, हात! हात न्हाय का बघितलास?” अक्कांनी स्वतःचा डावा हात बाजूला लांब केला. “एका काखेत घागर, आन् दुसरा हात असा बाहीर गेलेला, खाली. मला रानात काम हुतं, म्हणून द्वारकीला म्या उमाबाईच्या हाती दिली हुती. गर्दीत पोरीचा हात सोडू नगं म्हणून तीन डाव सांगितलं हुतं. मोकळा हात कोण असा धरतं सांग बरं? त्या हाताच्या टोकाला माझी लेक हाय. काचेच्या बाहीर हाय, पर हाय.”

मी सिनेमाचा जाणकार! सीडीतले चौकोन मोजले, डीव्हीडीतली डोकी मोजली, राणीच्या नाकावरनं पत्रं लिहिली. आणि तीस वर्षं तो हात समोर होता तो मला दिसला नाही. मी बाईचा चेहरा बघत बसलो आणि अक्का चित्राची कड बघत होत्या.

“मग बोलला का नाहीत कधी?”

“तू कवा इचारलंस?” त्या म्हणाल्या. “आन् काय बोलायचं? उमाबाई बी त्याच राती गेली. हात दिसत हुता तेवढं बास हुतं मला. सोडला न्हाय तिनं.”

मला हसावं का रडावं कळेना, दोन्ही एकदम यायला लागलं. मी डोळे पुसले आणि रिमोट उचलला. “चला तर मग. आता कड नाही. आता सबंध दिसतंय.”

“थांब.” अक्कांनी माझं मनगट धरलं.  “शिवानंदा, थांब जरा. आतापतूर मला ठावं हुतं की ती हाय. आन् समजा आता... त्या हातात दुसरंच कायतरी निघालं तर? येखादं भांडं निघालं, न्हायतर दुसऱ्याचं पोर? मग माझ्याकडं काय ऱ्हायलं?”

 डबा तसाच ठेवून द्यावा, असं क्षणभर मला वाटलं. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला, कुणीतरी झेरॉक्ससाठी पुतण्याला हाका मारत होतं.  मग अक्कांनी पोळीची गाठोडी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली आणि डोळे गच्च मिटले.

“आधी तू बघ. मग मला सांग.”

मी लावलं. पुढं सरकवत कोठाराशी आलो. आणि काय सांगू, उमरग्याचा तो पडदा माझ्या खोलीत आला! दगडावरचं शेवाळ दिसत होतं, म्हाताऱ्यांचे भेगाळलेले ओठ दिसत होते. एकेक चेहरा सरकत गेला. बायका आल्या. उमाबाई आली, सबंध, दोन्ही डोळ्यांची, कपाळावर गोंदण. तिचा डावा हात खाली गेला होता. मी हाताबरोबर बघत गेलो आणि पॉज दाबलं. चित्र जराही थरथरलं नाही.

हाताच्या टोकाला एक पोरगी होती.

पण ती द्वारकी होती का? हे मी कसं सांगणार! मी तिला जन्मात पाहिलेलं नव्हतं. मी अक्कांकडं वळलो. डोळे मिटलेलेच.

“अक्का, पोरगी आहे,” मी म्हणालो.  “आठ-नऊ वर्षांची. दोन वेण्या वर बांधल्यात. उमाबाईनं मनगट धरलंय, हात नव्हे, मनगट, चांगलं घट्ट. सगळी माणसं कोठाराकडं बघतायत आणि ही आपली सरळ कॅमेऱ्यात बघतीय. आणि... अक्का, हिचा गाल फुगलाय. एका हातात काहीतरी आहे, फडक्यात. ही खातीय! सगळे उपाशी उभे आहेत आणि ही पोरगी खातीय!”

अक्कांचे ओठ हलले. “कंचा गाल?”

“डावा.”

“उजवीकडची दाढ किडली हुती तिची,” मिटल्या डोळ्यांनी अक्का म्हणाल्या. “समदं डाव्या गालात चघळायची.”

मग त्यांनी डोळे उघडले.

मी तिथनं बाजूला झालो.  अक्का गुडघ्यावर सरकत पडद्यापाशी गेल्या आणि पहिल्यासारखंच वीतभर अंतरावर बसल्या. बोट पुढं नेलं पण टेकवलं नाही. “द्वारके,” एवढंच म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

“पहाटंच ट्रॅक्टर आला हुता. भाकरी थापायला वेळ न्हवता. आदल्या दिवशीची शेंगाची पोळी हुती, ती फडक्यात बांधून दिली हुती म्या. आल्यावर इचारलं, खाल्लीस का गं? तर काय बोलायच्या आत झोपली, इतकी दमली हुती. फडकं रिकामं हुतं. दुसऱ्या दिशी इचारायचं ऱ्हाऊनच गेलं. पर मला वाटायचं, दुसऱ्यांनीच खाल्ली आसंल, मोठ्या माणसांनी.” त्या लेकीकडं वाकल्या. “खाल्ली की गं. माझ्या लेकरानंच खाल्ली.”

आता त्या रडल्या, मोठ्यानं, पोटातनं. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना तसं रडताना पाहिलं. मी बी रडलो, कशाला लपवू. तो टोपीवाला माणूस भोंग्यातनं बेंबीच्या देठापासून ओरडत होता, उपाशी दिसा म्हणून, आणि या एवढ्याशा पोरीनं त्याचं ऐकलं नव्हतं. एवढ्या मोठ्या सिनेमातली चूक ती. कुणाला दिसली नाही, कुणी कापली नाही, आणि दुरुस्त करणाऱ्या शहाण्यांनीही तिला हात लावला नाही. त्यांची निळी संध्याकाळ मी त्या क्षणी माफ करून टाकली.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि गाठोडी सोडली. दर वर्षीप्रमाणं पोळी पडद्यापुढं ठेवायला हात पुढं केला, मग तसाच मागं घेतला. पोळी मधोमध मोडली आणि अर्धी माझ्यापुढं धरली.

“गायीला नाही?” मी विचारलं.

“आज न्हाय. घे, खा,” त्या म्हणाल्या. “तिचं खाणं चाललंय, तवर आपुन बी खाऊ.” आणि स्वतःच्या अर्ध्याचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला.

पडद्यावर शंभर माणसं उपाशी उभी होती, आणि आम्ही तिघं जेवत होतो.